‘ने’चं झाकण आणि क्रियापदाचा रंग

बैलाने कडबा खाल्ला. बैलाने पेंड खाल्ली. बैलाने गवत खाल्लं.

दौंड किंवा शिरूर तालुक्यातल्या कुठल्याही गोठ्यापाशी ही वाक्यं सहज कानावर पडतील. खाणारा बैल तिन्ही वाक्यांत तोच आणि खाणंही तेच, तरी क्रियापदाचं शेपूट तीनदा बदललं. बैलाच्या जागी गाय बांधा. गाईने कडबा खाल्ला. शेपूट जागचं हललं नाही. आता तेच वाक्य आजचं करा: बैल कडबा खातो, गाय कडबा खाते. क्रियापदाने कडब्याला सोडलं आणि ते खाणाऱ्याच्या मागे गेलं. काळ बदलला की मराठी क्रियापद धनी बदलतं!

आणि हा सगळा व्यवहार शाळेचं तोंड न पाहिलेलं पोर बिनचूक करतं. कडबा ‘तो’, पेंड ‘ती’, गवत ‘ते’ हे त्याच्याकडून कोणी पाठ करून घेतलेलं नसतं. कर्तरी आणि कर्मणी प्रयोग हे शब्द त्याच्या कानावर यायला अजून कैक वर्षं असतात. आजी अंगणात बोलते, आई चुलीपाशी बोलते, पोर इकडून तिकडे धावताना ऐकतं आणि त्यातून नियम वेचून घेतं. नियम वेचला हे त्याला ठाऊकही नसतं. माणसाच्या मेंदूची याहून मोठी करामत निदान मला तरी माहीत नाही.

काही मुलांच्या बाबतीत मात्र हे वेचणं होत नाही. कान चांगले, नजर चांगली, खेळात हुशार, गाई हिंडवायला पाठवलं तर एकही चुकू न देणारं पोर. पण ‘ताईने भाकरी खाल्ला’ म्हणतं. लांब वाक्य बोलायची वेळ आली की दोन शब्दांत उरकतं. ‘बाबाला दादाने हाक मारली’ आणि ‘दादाला बाबाने हाक मारली’ यात हाक कोणी मारली, असं विचारलं की अंदाजाने उत्तर देतं. वर्गात अशा मुलाची वही ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्याने भरते. गावात त्याला लाजाळू म्हणतात, नाहीतर ‘ढ’ म्हणून मोकळे होतात.

इंग्रजी भाषिक देशांतल्या तज्ज्ञांनी २०१७ च्या सुमारास या अडचणीसाठी एक नाव सहमतीने ठरवलं. मराठीत त्याला विकासात्मक भाषा विकार म्हणता येईल, इंग्रजी आद्याक्षरांनी डीएलडी. इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या शाळकरी मुलांची एक मोठी पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. दुसरं कुठलंही वैद्यकीय कारण नसताना भाषेत अडकणारी मुलं तिथे शंभरात सातांहून थोडी अधिक निघाली. म्हणजे तिसांच्या वर्गात दोन. एवढं सर्रास आढळणारं असूनही आपल्याकडे हे नाव फारसं कोणाच्या तोंडी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे खरं, पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढावं लागणं किंवा मेंदूच्या इजेने वाचा जाणं अशा आजारांच्या अंगाने केली आहे. ‘भाकरी खाल्ला’ म्हणणारं पोर त्या चौकटीत नीट बसत नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण दौंड-शिरूरच्या भागात तिचा घोळ हमखास होतो. बोली म्हणजे विकार नव्हे. आजी ‘पानी’ म्हणते, नातू ‘पानी’ म्हणतो, तर नातवाचं शिकणं अगदी ठाकठीक चाललं आहे. रांजणगावच्या एमआयडीसीत उत्तरेकडून आलेल्या कुटुंबातलं मूल ‘माझी पुस्तक’ म्हणालं तर त्यात काही बिघडलेलं नाही. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगीच असतं. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेलं पोर शाळेत गप्प बसतं, ते सहसा शाळा नवी म्हणून. शंका घ्यायची ती मूल स्वतःच्या घरच्या बोलीतही, भावंडांच्या मानाने, फार मागे असेल तेव्हा.

अडचण नेमकी कुठे येते? ‘खाल्ला’ आणि ‘खाल्ली’ यातला फरक एका शेवटच्या स्वराचा आहे. बोलण्याच्या ओघात तो क्षणभरही टिकत नाही. त्यावर आघात नसतो, त्याचं चित्र डोळ्यांपुढे येत नाही आणि तो ऐकेपर्यंत पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं. ‘कडबा’ हा शब्द दाखवता येतो, हातात देता येतो. ‘ला’ आणि ‘ली’ हातात देता येत नाहीत. मग ते हातात देण्याजोगे करता येतील का? डोळ्यांनी शिकवण्याची सगळी खटपट या एका प्रश्नातून निघाली आहे.

दौंड तालुक्यातल्या केडगावचा या खटपटीशी जुना, थोडा आडवाटेचा संबंध आहे. पंडिता रमाबाई निव्वळ कानाने शिकलेल्या. आई लक्ष्मीबाईंनी त्यांना संस्कृत तोंडी पढवलं. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते आणि १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या त्या याच कमाईवर. हीच बाई १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेली, तिथे राहिली आणि फिलाडेल्फियात फ्रोबेलची बालोद्यान पद्धत शिकली. फ्रोबेलच्या पद्धतीत मुलाच्या हाती आधी येतात ते रंगीत लोकरीचे चेंडू, मग लाकडी गोल, घन आणि दंडगोल. आधी वस्तू, नंतर शब्द. रमाबाई परतल्या, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढे पुण्याला नेलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींसाठी केडगावच्या माळावर मुक्ती मिशन उभं राहिलं. गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिकडच्याही मुली आल्या. मराठी न येणाऱ्या शेकडो मुलींना मराठीत शिकवायचं म्हणजे काय, याची कल्पना करा. रमाबाई वाचा-उपचार करत नव्हत्या. पण पाठांतराच्या परंपरेत इतकी मुरलेली विदुषी शिकवण्यासाठी मात्र हातात धरायच्या वस्तूंची पद्धत सातासमुद्रांपलीकडून आणते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

व्याकरणच डोळ्यांपुढे मांडण्याचं काम पुढे बहिऱ्या मुलांच्या शिक्षकांनी केलं. एडिथ फिट्झजेराल्ड ही स्वतः बहिरी असलेली अमेरिकन शिक्षिका. १९२६ साली तिने एक पुस्तक छापलं आणि त्यात वाक्याचे रकाने पाडून दिले: कोण, काय केलं, काय, कुठे, केव्हा. कानाला न मिळालेला क्रम फळ्यावर डोळ्यांना मिळाला. इंग्लंडातल्या मूर हाउस या भाषेची अडचण असलेल्या मुलांच्या शाळेत १९६०-७० च्या सुमारास शब्दांच्या जातींना रंग देण्याची पद्धत चालू होती. १९९७ साली अ‍ॅलिसन ब्रायन यांनी ‘कोण’ला नारिंगी, ‘काय करतोय’ला पिवळा, ‘काय’ला हिरवा आणि ‘कुठे’ला निळा असे रंग वाटून दिले. त्यानंतर मूर हाउसमध्येच सुझन एबल्स यांनी या साऱ्याला आकारांची जोड दिली. पदसमूहांना आकार, शब्दांच्या जातींना रंग, अनेकवचनाला दुहेरी रेघ, काळाला बाण. याला शेप कोडिंग म्हणतात.

ही पद्धत नुसती बघायला देखणी आहे की तिचा खरोखर उपयोग होतो? एबल्स आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ११ ते १६ वयाच्या २७ मुलांवर केलेली चाचणी प्रसिद्ध केली. क्रियापदाभोवती कोणते शब्द कुठे बसतात, हे एका गटाला आकारांनी शिकवलं, दुसऱ्याला क्रियापदांच्या अर्थाच्या बारकाव्यांतून, आणि तिसऱ्या गटाला वेगळंच काही दिलं. आठवड्याला अर्धा तास, असे नऊ आठवडे. पहिले दोन्ही गट सुधारले, तिसरा नाही. आकारांनी अर्थाच्या पद्धतीला मागे टाकलं असं झालं नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. पण ही मुलं मोठी होती. या वयात व्याकरण सुधारत नाही, अशी समजूत होती, ती या अर्ध्या तासांनी खोटी ठरवली. पर्थमध्ये पाच ते सात वर्षांच्या मुलांना अशाच खुणांनी इंग्रजी भूतकाळ शिकवून पाहिला आहे. नेदरलँड्समध्ये तर मिश्र वाक्यं शिकवायला लेगोचे ठोकळे वापरले.

आता कळीचा मुद्दा. यातलं किती मराठीत चालेल?

‘कोण, काय, कुठे’चे रंग बऱ्यापैकी चालतील. ते तर आपल्याच घरचे आहेत. क्रियेशी प्रत्येक शब्दाचं नातं काय, हे पाणिनीने कारकांत मांडलं: कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण. मराठी शाळेतही कर्ता ओळखायचा तो प्रश्न विचारूनच. खाणारा कोण? बैल. खाल्लं जाणारं काय? कडबा. ब्रायनबाईंच्या रंगीत पट्ट्या पाहिल्या की वाटतं, आपले गुरुजी हेच तर विचारत होते, फक्त रंग तेवढे राहिले होते.

नुसती उचलेगिरी फसेल ती पुढच्या पायरीवर. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्याच मागे जातं, त्यामुळे तिथला बाण कर्त्याकडून क्रियापदाकडे एकदा काढला की काम झालं. मराठीत तो बाण कधी कर्त्याकडून येतो, कधी कर्माकडून, कधी कुणाकडूनच येत नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली ते शास्त्रीय शिस्तीत बसवलं. ‘प्रयोग’ या प्रकरणाने तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना घाम फोडला आहे. हे भाषेत अडकलेल्या मुलाला कसं दाखवायचं?

मला वाटतं, दाखवता येईल, आणि जुन्या लग्नपत्रिकांवर भागेल. तयार पद्धत म्हणून कुठे हे सिद्ध झालंय असा माझा दावा नाही. मराठीचा नियमच इतका चित्रासारखा आहे की कात्री हातात घ्यावीशी वाटते.

नामाची कार्डं करा. पुल्लिंगी शब्दाच्या कार्डाच्या उजव्या टोकाला पिवळा पट्टा, स्त्रीलिंगीला तांबडा, नपुंसकलिंगीला हिरवा. ऊस पिवळा, मोळी तांबडी, वाढं हिरवं. क्रियापदाचं कार्ड दोन तुकड्यांत. पुढचा तुकडा पांढरा, त्यावर क्रियेचं चित्र. शेपटाचे तुकडे तीन रंगांचे: ला पिवळा, ली तांबडा, लं हिरवा. ‘ने’ आणि ‘ला’ या प्रत्ययांच्या काळ्या पट्ट्या कापा, पण त्या अशा मापाच्या की शब्दाला जोडल्या की त्याच्या टोकाचा रंग झाकला जाईल. प्रत्यय म्हणजे डब्याचं झाकण.

आता जमिनीवर वाक्य मांडा. बाबा, पिवळा. त्याला ‘ने’ लावा, पिवळा झाकला. ऊस, पिवळा, उघडा. क्रियापदाच्या शेपटाला एकच काम: उघडा रंग शोधायचा. बाबाने ऊस तोडला. आईने मोळी बांधली: आईचा तांबडा झाकलेला, मोळीचा उघडा, शेपूट तांबडं. दादाने वाढं विकलं: शेपूट हिरवं. मग आई आणि बाबा यांची अदलाबदल करायला सांगा. आईने ऊस तोडला. मुलाचा हात सवयीने शेपूट बदलायला जाईल आणि अडेल, कारण आईचा रंग दिसतच नाही.

वर्तमानकाळातल्या शेपटांचाही असाच एक संच लागेल: तो पिवळा, ते तांबडा. ‘बाबा ऊस तोडतो’ यात झाकण नाही, दोन रंग उघडे. तेव्हा शेपटाने आधी कर्त्याकडे पाहायचं. ‘बैलाने वासराला चाटलं’ यात दोन्ही नामांवर झाकणं. रंगच दिसत नाही, तेव्हा शेपूट हिरवं. भावे प्रयोग झाला, आणि ‘भावे’ हा शब्द उच्चारावाही लागला नाही.

गंमत पुढे आहे. ‘मुलाला ताप आला, मुलाला भूक लागली, मुलाला ऊन लागलं.’ ही वाक्यं व्याकरणाच्या पुस्तकात वेगळ्या कोपऱ्यात असतात. झाकणाच्या खेळात ती आपसूक बसतात. ‘ला’ने मुलाला झाकलं, ताप पिवळा, भूक तांबडी, ऊन हिरवं. ‘ती रस प्यायली, तो गोष्ट विसरला’ हे तथाकथित अपवादही अपवाद राहत नाहीत. तिथे कर्त्यावर झाकणच नाही, म्हणून कर्त्याकडे पाहायचं.

अडतं ते ‘मी’ आणि ‘तू’पाशी. ‘मी ऊस तोडला’ यात ‘मी’वर ‘ने’ दिसत नाही, तरी क्रियापद उसामागे जातं. तिथे जिलेटिनच्या कागदाचं पारदर्शक झाकण लावावं. दिसत नाही पण आहे, हे पोरांना मोठ्यांपेक्षा लवकर पटतं. आणि झाकण लागताना शब्दाचा चेहरा बदलतो तो निराळाच पाठ: बैल-बैला, मुलगा-मुला, वासरू-वासरा, घोडा-घोड्या. त्यासाठी कार्डाच्या पाठीमागे बदललेलं रूप लिहायचं. झाकण हातात घेतलं की कार्ड उलटायचं. दौंड आणि शिरूर अशा गावांना हा त्रास नाही, दौंडला जा नाहीतर शिरूरला जा. पुणे मात्र पुण्याला होतं.

कार्डं हे कुबडीसारखं कायम वागवायचं सामान नाही. मुलाला शेपूट बरोबर सापडू लागलं की आधी रंग फिके करायचे, मग झाकणं काढून घ्यायची, मग नुसतं बोट जमिनीवर टेकवून आठवण द्यायची. सगळ्यात अवघड टप्पा हाच. कार्डावर शंभर टक्के बरोबर मांडणारं मूल जेवताना पुन्हा ‘भाकरी खाल्ला’ म्हणू शकतं. नियम कळणं आणि जिभेवर येणं यांत अंतर असतं, आणि ते रोजच्या बोलण्यातूनच भरतं. आईने चूक काढू नये. ‘हो, ताईने भाकरी खाल्ली, आणि तू?’ एवढं म्हणावं, खाल्ली या शब्दावर किंचित रेंगाळून. पट्ट्या शाळेत, पण खरी उजळणी चुलीपाशी.

हे कोणी करायचं? वाचा-उपचारतज्ज्ञ मुख्यतः पुण्यात, आणि केडगावहून किंवा पाबळहून पोराला घेऊन जायचं तर मजुरीचा अख्खा दिवस मोडतो. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी तालुका पातळीवर विशेष शिक्षक असतात, पण एकाच्या वाट्याला कितीतरी शाळा. म्हणून वर्गातल्या बाई-गुरुजींनाच हे साधन पेललं पाहिजे. शब्दपट्ट्या, वाक्यपट्ट्या, शब्दडोंगर हे जिल्हा परिषदेच्या शाळांत वर्षानुवर्षं चालतंच. त्यात रंगाचा एक पट्टा आणि एक झाकण वाढवायचं आहे. बरं, वर्गातल्या बाकीच्या मुलांचंही यात नुकसान नाही. प्रयोगांची धास्ती सगळ्यांनाच असते.

ज्यांना मोबाइलवर काही हवं त्यांच्यासाठीही सामान तयार होतंय. आयआयटी मुंबईने केलेलं जेलो हे मोफत अ‍ॅप चित्रांवर बोट ठेवून बोलू देतं, मराठीतही. चेन्नईच्या अजित नारायणन यांनी २०१३ साली जगापुढे ठेवलेली फ्रीस्पीचची कल्पना त्याहून धाडसी. स्वमग्न मुलांबरोबर काम करताना त्यांनी वाक्य एका ओळीत मांडणंच सोडून दिलं. मधे क्रियापद, त्याभोवती चित्रं, आणि प्रत्येक चित्राला जोडणाऱ्या रेघेवर एक प्रश्न: कोण, काय, केव्हा, किती. चित्रांचा हा नकाशा एकदा जुळला की भाषा कुठलीही असो, वाक्य यंत्र तयार करतं. पाणिनीचं कारक चेन्नईच्या पडद्यावर उगवलेलं पाहून मौज वाटते. फक्त, वाक्य यंत्राने जुळवलं तर शेपटाचा रंग मुलाने केव्हा शोधायचा, हा माझा प्रश्न त्याने सुटत नाही. बोलता न येणाऱ्या मुलासाठी ते वरदान आहे. बोलणाऱ्या पण अडखळणाऱ्या मुलाला मात्र कात्री आणि पुठ्ठा बरा.

झाकणं जमली की पुढची चढण जो-तोची. डच मुलांना एका वाक्याच्या पोटात दुसरं बसवायचं होतं म्हणून लेगो लागला. मराठीला ते सोपं जाईल असा माझा होरा आहे, कारण आपण वाक्य पोटात न घालता शेजारी ठेवतो आणि दोन्हींच्या तोंडाशी जोडशब्द लावतो. ‘जी मोळी आईने बांधली, ती बाबाने उचलली.’ दोन ओळी जमिनीवर एकीखाली एक मांडायच्या. ‘जी’ आणि ‘ती’ ही दोन कार्डं तांबडी, एकाच कागदातून कापलेली. ओळींची शेपटंही तांबडी निघतात, कारण दोन्हीकडे क्रियापद मोळीच्याच मागे आहे. मग मोळीच्या जागी ऊस ठेवायला सांगायचं. चार कार्डं एकदम बदलावी लागतात, आणि ती कोणती हे पोराने सांगायचं.